क्युप्रेट अतिसंवाहकांची इलेक्ट्रॉन रचना : अभ्यासाला सुरुवात कुठून करावी

क्युप्रेटचा, म्हणजे कॉपर ऑक्साइडचे थर असलेल्या अतिसंवाहकांचा, विषय हातात घेणाऱ्या बहुतेक नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून होते: अतिसंवाहकता आणणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात तरी कशामुळे? १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना लॅन्थनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली. तेव्हापासून या प्रश्नावर इतकं लिहून झालंय की नवखा माणूस त्यात बुडालाच म्हणून समजा. माझा सल्ला उलटा आहे. जोड्यांचा प्रश्न निदान वर्षभर बाजूला ठेवा. एक स्फटिक घ्या, त्यातला एक बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा, घ्या आणि त्याचे आकडे तोंडपाठ होईपर्यंत दुसरीकडे वळू नका. पुढे कुठलाही सिद्धांत समोर आला की तो या आकड्यांना धरून आहे की नाही, हे तुमचं तुम्हालाच तपासता येईल.

स्फटिक म्हणून मी बिस्मथ-२२१२ सुचवेन, म्हणजे बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि कॉपर यांचं ते प्रसिद्ध ऑक्साइड. प्रयोगवाल्यांनी सर्वांत जास्त छळलेलं संयुग हेच. गणितासाठी मात्र लॅन्थनम क्युप्रेट बरं, कारण ते साधं आहे. घनस्थिती भौतिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम झालेला आहे आणि पायथन थोडंफार येतं, एवढं गृहीत धरून पुढचं लिहितो.

पहिली पायरी : थर कागदावर काढा

संगणक उघडण्याआधी पेन्सिल घ्या. बिस्मथ-२२१२ चे थर खालून वर असे येतात: बिस्मथ ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड, कॅल्शियम, पुन्हा कॉपर ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम ऑक्साइड, बिस्मथ ऑक्साइड. असा एक गठ्ठा साधारण १५.४ अँगस्ट्रॉम जाडीचा. एका युनिट सेलमध्ये असे दोन गठ्ठे अर्ध्या अंतराने सरकून बसलेले असतात, म्हणून सी अक्षाची लांबी ३०.९ अँगस्ट्रॉमच्या घरात येते. आडव्या दिशेत कॉपर ते कॉपर अंतर ३.८३ अँगस्ट्रॉम. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पदोपदी लागणार आहे.

सगळं नाट्य कॉपर ऑक्साइडच्या थरात घडतं. चौकोनी जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर कॉपर आणि दोन कॉपरच्या मधोमध ऑक्सिजन, एवढीच त्याची रचना. बाकीचे थर या जाळीला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, पुरवतात आणि जाळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवतात. कॉपर ऑक्साइडचा एकच थर असेल तर बिस्मथ-२२०१, दोन असतील तर २२१२, तीन असतील तर २२२३. संक्रमण तापमान थरांबरोबर चढत जातं. २२१२ मध्ये ते ९५ केल्विनच्या आसपास, तर २२२३ मध्ये ११० केल्विनच्या आसपास पोचतं.

कागदावर आणखी एक गोष्ट दिसेल. शेजारच्या दोन गठ्ठ्यांमध्ये बिस्मथ ऑक्साइडचे दोन थर समोरासमोर येतात आणि त्यांच्यातला बंध अगदी कमजोर, व्हॅन डर वाल्स जातीचा असतो. स्फटिक तिथेच सोलला जातो आणि सोलल्यावर दोन्ही बाजू सारख्या, विद्युतभार न उरलेल्या मिळतात. पृष्ठभागावरच्या प्रयोगांत बिस्मथ-२२१२ चं एवढं प्रस्थ आहे ते यामुळेच. वायबीसीओमध्ये, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात, ही सोय नाही. तिथे सोललेला पृष्ठभाग स्वतःच जास्तीचा डोप होऊन बसतो, म्हणजे त्यात होल गरजेपेक्षा जास्त येतात, आणि आतल्या पदार्थाबद्दल बोलणं अवघड होतं.

दुसरी पायरी : इलेक्ट्रॉन मोजा

आता लॅन्थनम क्युप्रेट घ्या. एका सूत्रात दोन लॅन्थनम, एक कॉपर, चार ऑक्सिजन. लॅन्थनम तीन इलेक्ट्रॉन देऊन बाजूला होतो. ऑक्सिजन दोन-दोन घेतो, म्हणून कॉपरवर अधिक दोन भार उरतो आणि त्याच्या ३डी (तिसऱ्या कवचातल्या डी) कक्षांत नऊ इलेक्ट्रॉन राहतात. दहाची जागा, नऊ इलेक्ट्रॉन, म्हणजे एक होल. सहा टोकांच्या ऑक्सिजन-अष्टफलकाच्या मध्यभागी कॉपर बसतो, पण हा अष्टफलक उभा ताणलेला असतो. त्याला सहा ऑक्सिजन असतात, त्यांतले थरातले चार १.९ अँगस्ट्रॉमवर आणि वरखालचे दोन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर. या ओढाताणीत एक्स-वर्ग-वजा-वाय-वर्ग ही कक्षा सर्वांत वर ढकलली जाते आणि होल तिथे जाऊन बसतो.

बँडांची मोजदाद तर आणखी मजेदार. कॉपरच्या पाच डी कक्षा आणि चार ऑक्सिजनच्या बारा पी कक्षा मिळून १७ बँड होतात, त्यांत ३४ इलेक्ट्रॉन मावतात. आपल्याकडे आहेत ९ अधिक २४, म्हणजे ३३. खालचे १६ बँड गच्च भरतात आणि सतरावा, सर्वांत वरचा, बरोबर अर्धा. कॉपरची डी कक्षा आणि तिच्याकडे तोंड करून असलेल्या ऑक्सिजनच्या पी कक्षा यांचा तो प्रतिबंधी बँड आहे. एवढ्या किचकट संयुगात फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरतात ती ऊर्जा, ओलांडणारा असा एकच बँड निघावा, ही नव्या माणसाला निसर्गाने दिलेली सवलतच म्हणायची.

तिसरी पायरी : तो एक बँड स्वतः काढा

या पायरीवर घाई करू नका. टाइट-बाइंडिंगचं सूत्र असं:

ऊर्जा = −२ टी (कॉस केएक्स + कॉस केवाय) + ४ टी-प्राइम (कॉस केएक्स × कॉस केवाय) − २ टी-डबल-प्राइम (कॉस २केएक्स + कॉस २केवाय)

इथे केएक्स आणि केवाय हे कॉपर-कॉपर अंतराने गुणलेले आहेत, म्हणजे −पाय ते +पाय एवढ्यात फिरतात. टी म्हणजे शेजारच्या कॉपरवर उडी, टी-प्राइम कर्णावरच्या कॉपरवर आणि टी-डबल-प्राइम एक सोडून पुढच्यावर. चिन्हांबाबत सावध राहा. टी-प्राइमचं चिन्ह प्रत्येक गट आपल्या सोयीने लिहितो, आणि दुसऱ्याचे आकडे तपासून न घेता उचलले की फर्मी पृष्ठभाग (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधली सीमा) पार उलटा निघतो. वरच्या सूत्रात तिन्ही आकडे धन आहेत.

बिस्मथ-२२१२ साठी टी = ०.३६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), टी-प्राइम = ०.१० ईव्ही, टी-डबल-प्राइम = ०.०३५ ईव्ही घ्या. प्रोग्रॅम चालवण्याआधी तीन बिंदू हातानेच काढा. गॅमावर, म्हणजे (०, ०) ला, ऊर्जा −१.१८ ईव्ही येते. (पाय, ०) ला −०.५४. (पाय, पाय) ला +१.७०. प्रोग्रॅमचं उत्तर यांच्याशी जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

मग २०० गुणिले २०० बिंदूंची जाळी घ्या आणि फर्मी पातळी अशी निवडा की भरलेल्या बिंदूंचा वाटा ०.४२ येईल. का? प्रत्येक कॉपरमागे ०.१६ होल, म्हणजे इलेक्ट्रॉन ०.८४, आणि एका बँडमध्ये स्पिनसकट दोन मावतात. फर्मी पातळी −०.३६ च्या आसपास येईल. फर्मी पृष्ठभाग काढून बघा: (पाय, पाय) भोवती एक गोलसर पिंप दिसेल आणि त्याने ब्रिल्युअन झोनचा, म्हणजे केएक्स-केवायच्या पूर्ण चौकोनाचा, साधारण ५८ टक्के भाग व्यापलेला असेल. लटिंजरचा नियम म्हणतात तो हाच. होलांची संख्या मोजायला ०.१६ धरायचे की १.१६, यावरून जो गोंधळ होतो तो इथे संपतो. मोठं पिंप १.१६ मोजतं.

आता थोडी तोडफोड करा. टी-डबल-प्राइम शून्य करा आणि फर्मी पातळी अशी ठेवा की कर्णावरचा फर्मी बिंदू प्रयोगात मिळतो तिथेच, म्हणजे गॅमापासून सुमारे ०.४५ प्रति अँगस्ट्रॉमवर राहील. (पाय, ०) ची पातळी −०.४० वर येते आणि फर्मी पातळी −०.४६ वर जाते. म्हणजे (पाय, ०) चा बिंदू रिकामा झाला, आणि (पाय, पाय) भोवतीचा पृष्ठभाग गॅमाभोवती येऊन बसला! एका ०.०३५ च्या पदाने पृष्ठभागाची जातच बदलली. कारण (पाय, ०) ला बँड जवळजवळ सपाट आहे, तिथे व्हॅन होव्ह बिंदू आहे, आणि सपाट जागी छोट्या ढकलण्यानेही बरंच काही इकडचं तिकडे होतं. क्युप्रेटमधली निम्मी भांडणं याच भागाभोवती फिरतात.

कर्णाच्या दिशेने फर्मी बिंदूवरचा उतारही काढून ठेवा. तो साडेतीन ईव्ही-अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, सहाव्या पायरीत त्याची गाठ पडेल.

२२१२ मध्ये थर दोन असल्यामुळे बँडही खरं तर दोन आहेत. त्यांच्यातलं अंतर (कॉस केएक्स − कॉस केवाय) च्या वर्गाप्रमाणे बदलतं: कर्णावर शून्य, (पाय, ०) ला सर्वांत जास्त, साधारण ०.१ ईव्ही. सुरुवातीला सोडून दिलं तरी चालेल, पण विसरू नका.

चौथी पायरी : डीएफटी करा आणि ते कुठे हरतं ते बघा

डीएफटी म्हणजे घनता-फलन सिद्धांतावरचं गणित. त्यासाठीचा क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि लॅन्थनम क्युप्रेटचा सात अणूंचा प्राथमिक सेल साध्या वर्कस्टेशनवरही चालतो. ए अक्ष ३.७८ आणि सी अक्ष १३.२ अँगस्ट्रॉम धरा. प्लेन-वेव्ह कटऑफ आणि के-बिंदू वाढवत न्या, ऊर्जा बदलायची थांबली की थांबा. बँड काढले की तुमचा सतरावा बँड फर्मी पातळी ओलांडताना दिसेल. १९८७ मध्ये बेल लॅब्जच्या मॅथाइस यांनी हेच चित्र काढलं होतं.

चित्र सुंदर आहे आणि एका ठळक बाबतीत साफ चुकीचं आहे. गणित म्हणतं धातू. प्रत्यक्षातलं शुद्ध लॅन्थनम क्युप्रेट हे सुमारे २ ईव्हीची फट असलेलं विद्युतरोधक आहे, आणि ३०० केल्विनच्याही थोडं वरपर्यंत ते प्रतिलोहचुंबकीय राहतं. इथे बरेच जण डीएफटी टाकाऊ ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बँड कुठल्या कक्षांचा आहे, त्याचा आकार कसा आहे, टी-प्राइम किती, वरखालचा ऑक्सिजन सरकला की काय होतं, हे सगळं डीएफटी नीट सांगतं. दोन इलेक्ट्रॉन एकाच कॉपरवर आले तर पडणारा दंड, म्हणजे हबर्डचा यू, तेवढा त्याला नीट धरता येत नाही.

तो दंड किती? कॉपरवर ८ ते १० ईव्ही. मग फट २ ईव्हीचीच का? याचं उत्तर झानन, सावात्स्की आणि ॲलन यांनी १९८५ मध्ये, म्हणजे क्युप्रेट गाजण्याच्या आधीच, देऊन ठेवलं होतं. इलेक्ट्रॉन एका कॉपरवरून दुसऱ्या कॉपरवर नेण्यापेक्षा ऑक्सिजनवरून कॉपरवर नेणं स्वस्त पडतं, म्हणून फट ऑक्सिजन आणि कॉपर यांच्यामधली असते. यातून निघणारी गोष्ट व्यवहारात फार महत्त्वाची: डोपिंग करून आपण जे होल घालतो ते मुख्यतः ऑक्सिजनवर जातात. १९८८ मध्ये झांग आणि राइस यांनी दाखवलं की ऑक्सिजनवरचा असा होल मधल्या कॉपरच्या स्पिनशी सिंगलेट बांधतो आणि ते जोडपं जाळीवर एकाच कणासारखं फिरतं. एका बँडचं मॉडेल वापरायला आपल्याला तोंड आहे ते यामुळेच.

गणित पुढे न्यायचं असेल तर सेल दुप्पट करून, वर-खाली स्पिन लावून, डीएफटी अधिक यू चालवा. फट उघडलेली दिसेल. यूचा आकडा तुम्ही हाताने घातलाय हे मात्र लिहिताना लपवू नका.

पाचवी पायरी : डोपिंगचा नकाशा

यात फार वेळ घालवायची गरज नाही, पण आकडे जिभेवर हवेत. स्ट्रॉन्शियम घातलेल्या लॅन्थनम क्युप्रेटमध्ये अतिसंवाहकता साधारण ०.०५ होलला सुरू होते, ०.१६ च्या आसपास कळस गाठते, तिथे संक्रमण तापमान सुमारे ३८ केल्विन, आणि ०.२७ च्या सुमारास संपते. कमानीच्या डाव्या बाजूला अंडरडोप्ड, उजव्या बाजूला ओव्हरडोप्ड म्हणतात. तुमच्याकडे आलेल्या नमुन्याचं डोपिंग किती ते बहुधा संक्रमण तापमानावरूनच उलटं काढतात: तापमान ÷ कमाल तापमान = १ − ८२.६ × (होल − ०.१६) चा वर्ग. प्रत्येक तापमानाला डावीकडचं आणि उजवीकडचं अशी दोन उत्तरं निघतात हे ध्यानात असू द्या. नमुना ऑक्सिजनमध्ये भाजलाय की निर्वातात, हे विचारल्याशिवाय त्यातलं खरं कुठलं ते कळत नाही.

सहावी पायरी : आर्पेस

कोन-विभेदी प्रकाश-उत्सर्जन वर्णपटमिती हे नाव प्रबंधाच्या मुखपृष्ठापुरतं. प्रयोगशाळेत सगळे आर्पेसच म्हणतात. प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा, त्याची ऊर्जा आणि कोन मोजायचा आणि तो आत कुठल्या अवस्थेत होता ते उलटं काढायचं. थरांच्या पदार्थाला ही पद्धत विशेष मानवते, कारण पृष्ठभागाला समांतर संवेग बाहेर पडताना बदलत नाही.

सूत्र एकच: समांतर के = ०.५१२ × वर्गमूळ (गतिज ऊर्जा) × साइन (कोन). ऊर्जा ईव्हीमध्ये, उत्तर प्रति अँगस्ट्रॉममध्ये. हे घेऊन लगेच एक हिशेब करा. ब्रिल्युअन झोनची कड, म्हणजे (पाय, ०), पाय भागिले ३.८३ म्हणजे ०.८२ वर आहे. हेलियमच्या दिव्याचा प्रकाश २१.२ ईव्हीचा. कार्यफल ४.३ ईव्ही धरलं तर फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनाला १६.९ ईव्ही उरतात, म्हणजे सूत्रातला गुणक २.१. (पाय, ०) साधारण २३ अंशांवर, (पाय, पाय) साधारण ३३ अंशांवर. आरामात.

आता ७ ईव्हीचा लेझर घ्या. उरतात २.७ ईव्ही, गुणक ०.८४. कर्णावरचा फर्मी बिंदू ३२ अंशांवर येतो, ठीक आहे. पण (पाय, ०) साठी कोन ७७ अंश लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला जवळजवळ घासत बाहेर पडायला हवा. व्यवहारात ते जमत नाही. म्हणून त्या लेझरने केलेलं देखणं काम पाहाल तर बहुतेक सगळं कर्णाजवळचं असतं. तिथे तो दिव्याला मागे टाकतो, कारण कोनातली तीच चूक संवेगात निम्म्याहून कमी चूक देते. कुठलाही आर्पेसचा निबंध हाती आला की आधी फोटॉनची ऊर्जा बघा आणि हा हिशेब करा. लेखक काय बघू शकत होते आणि काय नव्हते, ते अर्ध्या मिनिटात कळतं.

नमुना बसवायची रीत सगळीकडे जवळपास सारखीच. एक-दोन मिलिमीटरचा स्फटिक चांदी मिसळलेल्या इपॉक्सीने धारकावर चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर एक छोटी काडी उभी चिकटवायची आणि मापनकक्षात नेऊन, १० चा उणे ११ वा घात टॉरच्या निर्वातात, ती काडी ढकलून पाडायची. वरचे थर काडीबरोबर जातात आणि खाली आरसा उरतो. उरला तर. कधी स्फटिक पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो, कधी इपॉक्सीच निघून येतं, म्हणून दोन-तीन नमुने तयार ठेवूनच जा. बाहेर येणारे इलेक्ट्रॉन वरच्या पाच-दहा अँगस्ट्रॉममधलेच असतात, त्यामुळे नमुना म्हातारा होतो. पहिल्या तासाचं मोजमाप शेवटी पुन्हा घ्या. दोन्ही एकमेकांवर बसले तरच मधल्या आकड्यांवर भरवसा.

फर्मी पातळी नमुन्यावरून ठरवू नका, कारण फट असेल तर तिथे कड सापडणारच नाही. नमुन्याच्या विद्युत संपर्कात सोन्याचा तुकडा ठेवा आणि त्याची कड मोजा. उष्णतेमुळे ती पसरते: १० केल्विनला सुमारे ४ मिली-ईव्ही, १०० केल्विनला सुमारे ३८. बिस्मथ-२२१२ मधली अतिसंवाहक फट (पाय, ०) जवळ ३५ ते ४० मिली-ईव्ही असते. हे दोन आकडे शेजारी ठेवा, म्हणजे १०० केल्विनला नुसत्या डोळ्यांनी फट ‘दिसली’ म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल.

मग येतात भुतं. बिस्मथ ऑक्साइडच्या थरात साधारण पाच सेलांमागे एक अशी लाट असते. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन तिच्यावर विवर्तित होतात आणि मूळ फर्मी पृष्ठभागाच्या सरकलेल्या प्रती चित्रात उमटतात. (पाय, ०) जवळ त्या मूळ बँडवर चढतात आणि तिथे कोण कोणाचं हे ओळखणं कठीण होतं. थोड्या बिस्मथच्या जागी शिसं घातलं की ही लाट दबते. नवख्याने म्हणूनच शिसं घातलेला नमुना मिळतो का बघावं.

दुसरं भूत ध्रुवीकरणाचं. एक्स-वर्ग-वजा-वाय-वर्ग कक्षा गॅमा ते (पाय, ०) या आरशात सम आहे आणि कर्णाच्या आरशात विषम. म्हणून मोजमापाचं प्रतल कर्णावर असेल आणि प्रकाशाचं विद्युतक्षेत्रही त्याच प्रतलात असेल, तर बँड तिथे असूनही विझतो. क्षेत्र आडवं केलं की उजळतो. चित्रात काही दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असा निष्कर्ष एका ध्रुवीकरणावरून काढायचा नाही.

आता वहीतला आकडा काढा. कर्णावर ऊर्जा स्थिर ठेवून तीव्रता संवेगाप्रमाणे बघा. लोरेंट्झ आकाराचं शिखर मिळेल. प्रत्येक ऊर्जेला शिखराची जागा टिपत गेलात की बँडची रेघ तयार. फर्मी पातळीजवळ तिचा उतार २ ईव्ही-अँगस्ट्रॉमच्या किंचित खालीच येतो. आपल्या कोऱ्या बँडचा होता साडेतीन. म्हणजे इलेक्ट्रॉन जवळजवळ दुपटीने जड झाला. रेघेकडे नीट बघितलंत तर ७० मिली-ईव्हीच्या आसपास तिला एक गुडघा आहे, त्याच्या खाली उतार जास्त आणि वर कमी. २००१ मध्ये लान्झारा आणि सहकाऱ्यांनी तो अनेक क्युप्रेटांत दाखवला आणि जाळीच्या कंपनांकडे बोट केलं. इतरांनी चुंबकीय कंपनांकडे केलं. गुडघा खरा आहे, तो स्वतः मोजा. त्याचा बाप कोण या वादात पहिल्या वर्षी पडू नका.

सातवी पायरी : फट मोजा, आणि ती कुठे मोजली ते लिहा

अतिसंवाहक अवस्थेतली फट अर्धी कमाल गुणिले (कॉस केएक्स − कॉस केवाय) अशी बदलते. कर्णावर शून्य, त्याला नोड म्हणतात; (पाय, ०) जवळ कमाल, त्याला अँटिनोड. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या शेन यांच्या गटाने बिस्मथ-२२१२ वर ही विषमता दाखवली. आर्पेसला फटीचा आकार दिसतो, चिन्ह दिसत नाही. चिन्ह बदलतं हे १९९४ मध्ये त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिक जोडलेल्या वायबीसीओच्या कड्यात अर्धा फ्लक्स-क्वांटम पकडून सिद्ध केलं.

मोजायची सोपी रीत अशी: बरोबर फर्मी बिंदूवरचा ऊर्जेचा आलेख घ्या, त्याचीच शून्याभोवती उलटी प्रत त्यात मिळवा. फर्मी फलन निघून जातं आणि मध्ये खळगा राहिला तर फट आहे. फर्मी बिंदूपासून बाजूला सरकून हे केलंत तर कुठेही खळगा काढता येतो, तेव्हा आधी फर्मी बिंदू पक्का करा.

अंडरडोप्ड नमुन्यात हाच प्रयोग संक्रमण तापमानाच्या वर करा. अँटिनोडवरचा खळगा जात नाही. नोडभोवती मात्र फर्मी पृष्ठभागाचा एक तुकडा, कंसासारखा, शिल्लक राहतो. १९९६ मध्ये दोन गटांनी ही छद्मफट आर्पेसने दाखवली, आणि आपल्या तिसऱ्या पायरीतल्या नीटस बंद पिंपाचा हिशेब इथे कोलमडतो. बंद नसलेला फर्मी पृष्ठभाग बँड-सिद्धांतात बसतच नाही. नोडवर काम करणारा आणि अँटिनोडवर काम करणारा एकाच पदार्थाबद्दल दोन वेगळ्या कहाण्या सांगतात. त्यामुळे ‘क्युप्रेटमध्ये असं दिसतं’ हे वाक्य कुठेही वाचलंत की विचारा: कुठल्या डोपिंगला, कुठल्या तापमानाला, फर्मी पृष्ठभागावर कुठे?

दोन थरांची ती फूट आठवते? अँटिनोडवर फर्मी पातळीजवळचं शिखर, मग खळगा, मग उंचवटा असा आकार नव्वदीच्या दशकात सगळ्यांनी पाहिला आणि त्यावर सिद्धांत रचले. २००१ मध्ये चांगल्या विभेदनाने दोन्ही बँड वेगळे दिसले, तेव्हा त्या आकारातला बराचसा भाग नुसता दुसरा बँड होता हे ध्यानात आलं. थर मोजायला म्हणून पहिली पायरी.

आठवी पायरी : दुसऱ्या साक्षीदाराला बोलवा

एका तंत्राच्या साक्षीवर निकाल देऊ नये. एसटीएम म्हणजे सुईने अणू-अणूवर अवस्थांची घनता मोजणारं यंत्र. बिस्मथ-२२१२ वर त्याने फट जागोजागी बदलते हे दाखवलं, जे आर्पेसच्या ठिपक्यात सरासरी होऊन जातं. अशुद्धींवरून परतणाऱ्या लाटांचं फुरिए रूपांतर करून त्यातूनही फर्मी पृष्ठभाग काढता येतो.

पण मला सर्वांत आवडणारी साक्ष क्वांटम दोलनांची, कारण तिचा हिशेब पाच मिनिटांत होतो. २००७ मध्ये टूलूझच्या स्पंदित चुंबकात ६२ टेस्लापर्यंत जाऊन अंडरडोप्ड वायबीसीओमध्ये विद्युतरोधाची दोलनं सापडली, वारंवारता ५३० टेस्ला. ऑन्सागरच्या नात्याने क्षेत्रफळ काढा: दोन पाय × इलेक्ट्रॉनभार × वारंवारता ÷ एच-बार. उत्तर सुमारे ५ प्रति वर्ग नॅनोमीटर. पूर्ण ब्रिल्युअन झोन सुमारे २६६. म्हणजे जेमतेम १.९ टक्के! कुठे आपलं ५८ टक्क्यांचं पिंप आणि कुठे ही डबी. हॉल गुणांक तर तिथे ऋण येतो, म्हणजे डबी इलेक्ट्रॉनांची. ओव्हरडोप्ड थॅलियम-२२०१ या एकथरी क्युप्रेटमध्ये मात्र २००८ मध्ये १८ हजार टेस्लाची दोलनं मिळाली, झोनच्या ६५ टक्के, म्हणजे बँड-सिद्धांत सांगतो तेवढी. कमानीच्या उजवीकडे बँड शहाण्यासारखे वागतात, डावीकडे काहीतरी पृष्ठभागाचे तुकडे करतं. वायबीसीओमध्ये २०१२ मध्ये क्ष-किरणांनी विद्युतभाराची लाट दिसली, आणि ते ‘काहीतरी’ म्हणून तिचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं.

साधनं कुठे मिळतील

तिसऱ्या पायरीला लॅपटॉप पुरतो. चौथीला जड गणित करायचं असेल तर राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतली यंत्रं आहेत. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म त्यांतलाच. आर्पेससाठी मुंबईत टीआयएफआर आहे, आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या २.५ गिगा-ईव्हीच्या सिंक्रोट्रॉनवर आर्पेसची बीमलाइन आहे. बीमटाइमचा अर्ज लिहिताना ‘क्युप्रेटची इलेक्ट्रॉन रचना अभ्यासणे’ असं मोघम लिहू नका. कुठला नमुना, किती डोपिंग, कुठली फोटॉन ऊर्जा, कुठल्या कोनात कुठला बिंदू, आणि अपेक्षित फटीच्या मानाने विभेदन किती, हे मांडा. वरचे हिशेब वहीत असतील तर हे पान तासाभरात लिहून होतं. नमुने वाढवणाऱ्या गटाशी मैत्री मात्र अर्जाच्या बऱ्याच आधी करावी लागते. चांगले स्फटिक मागून लगेच मिळत नाहीत.

बिस्मथ-२२१२ हातात बसलं की निकेलेटांकडे, म्हणजे कॉपरऐवजी निकेल असलेल्या ऑक्साइडांकडे, बघा. २०१९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये निओडिमियम-स्ट्रॉन्शियम निकेलेटाच्या पातळ थरात अतिसंवाहकता सापडली. तिथेही नऊ डी-इलेक्ट्रॉन, तिथेही तीच कक्षा. २०२३ मध्ये लॅन्थनम निकेलेटाच्या दुहेरी थरात १४ गिगापास्कलच्या वर दाब दिल्यावर ८० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेच्या खुणा मिळाल्या, आणि तिथे दुसरी एक कक्षाही फर्मी पातळीवर येते. पुन्हा पेन्सिल घ्या, थर काढा, इलेक्ट्रॉन मोजा आणि बघा: या वेळी फर्मी पातळी ओलांडणारे बँड किती निघतात?